फाटक्या ढगांबद्दल दाजींना

मुरबे, नोव्हेंबर १९६६

दोरीवरून बोंबील ओढून काढत होतो आणि पाऊस ते माझ्या हातातच धुऊन देत होता, तेवढ्यात पाठीत एक ओला बोंबील बसला. मारणाऱ्या नवसीबाई, माझ्या घरमालकीण.

तीर्थरूप दाजी नागोराव यांस पंढरीचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार आधी हवा होता. पण बोंबील आधी आला.) आपली कंबर आता कशी आहे? अक्काचा खोकला? माझी सुगंधा आपल्या घरी कामात मागे पडत नसेल. पडली की अक्का मला कळवतेच.

मी तारापूरच्या बांधकामावर हवामानाच्या नोंदी ठेवतो, हे आपण गावात कुणाला सांगत नाही असं कळलं. (एम. ए. होऊन ढग बघतो, हे सांगण्यासारखं नाही. मान्य.) ठरल्या वेळी वर पाहायचं आणि दिसेल त्या ढगाचं नाव लिहायचं. परवा सकाळी करड्या थराखालून फाटके तुकडे पळत होते. त्यांना फ्रॅक्टस म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ मोडलेला. तो एकटा लिहीत नाहीत. आधी ढगाचं नाव, मग हा. जसं आपल्या गावात मला कुणी नुसतं पंढरी म्हणत नाही, नागोरावांचा मेहुणा म्हणतात.

नवसीबाई अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. ते वाळून विकले गेले की सुके बोंबील साठवायची त्यांची मागची खोली रिकामी होणार होती आणि ती मला मिळणार होती, सुगंधेला आणायला. त्यामुळे त्या वाळण्यात माझाही जीव होता.

"मास्तर, ते चिंध्यांवानी काय पलतंय? त्यात पानी हाय का?" (पँट घालणारा प्रत्येक जण इथे मास्तर.)

मी नीट पाहिलं. पुस्तकात स्पष्ट आहे, हे तुकडे स्वतः पाऊस देत नाहीत. "त्यात नाही," म्हणालो. बाई बोंबील तसेच ठेवून पालघरच्या बाजाराला निघाल्या. मी सायकल काढतो तोच पाऊस कोसळला. त्या एसटीच्या थांब्यावरून धावत परतल्या. पुढचं वर लिहिलंच आहे.

मी समजावलं, पाऊस त्या तुकड्यांचा नव्हे, वरच्या थराचा.

"वरचा कोन?"

"निंबोस्ट्रॅटस."

"मंग त्याचं नाव का नाय घेतलंस?"

"तुम्ही त्याचं विचारलं नाही."

त्यांचे यजमान जिवल्या दारात जाळं शिवत बसले होते. "याला याचा पगार मिलतो?" त्यांनी बायकोला विचारलं. मला नाही.

(साहेबांनी माझ्या नोंदीखाली 'नोंद अचूक' लिहून सही केली. बांधकामावरही हेच चालतं. पडतं वरून, आणि ओरडा खालच्या फाटक्यांना.)

बाकी क्षेम. खोली हवेशीर आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. सुगंधेला गुरुवारी गाडीत बसवावे. मी पालघर स्टेशनावर उभा राहीन.

आपला,
पंढरी

ता. क. खोलीला वास फारसा नाही.

ता. क. वास आहे. भिजलेले बोंबील त्याच खोलीत पसरले आहेत आणि कुजत आहेत. सुगंधेला गुरुवारी पाठवू नका. आणखी काही दिवस ठेवून घ्या, हीच विनंती करायला पत्र लिहायला बसलो होतो. सुगंधा काही तक्रार करणार नाही. अक्कानेही करू नये, तेवढं तिला सांगून पाहा.

पत्र रात्री टपालात पडलं नाही, म्हणून हे आणखी. आज सकाळी आकाश कोरं होतं. जिवल्यांनी पहाटे आणलेले ताजे बोंबील दोऱ्यांवर होते. नवसीबाईंनी विचारलं, पाऊस हाय का. मी चारी दिशा पाहून नाही म्हणालो. त्यांनी सगळे बोंबील उतरवले आणि त्या खोलीत नेऊन ठेवले.