आधार बंधनकारक

७ जाने.
वधू-वर मेळाव्याचा फॉर्म यंदा ऑनलाइन. रेल्वेत जन्म कागदं खरडण्यात गेला, आता मंडळाचा सचिव मोबाईलवर! मागच्या साली एका लग्न झालेल्या पठ्ठ्यानं बायोडेटा दिला होता. म्हणून आधार नंबर अन् कार्डाचा फोटो बंधनकारक केला. डोकं माझंच. लिंक समाजाच्या सगळ्या ग्रुपवर टाकली, रायपूर ते भिलाई. भरलेल्या फॉर्मांच्या यादीचीही लिंक टाकली. कारभार उघडा असला की कोणी नावं ठेवत नाही.

११ जाने.
बीरगांवच्या संगीताचा फोन. नवऱ्याच्या मारापायी पोट्टीले घेऊन भिलाईहून निघालेली. पत्ता कोणाले सांगत नाही. पोट्टीच्या शाळेसाठी आधारवर मात्र बीरगांवचा पत्ता करून घेतला. फारकत झालेली, आता पुनर्विवाहात नाव टाकायचं, पण आधार न देता चालन का, विचारत होती. मी म्हटलं, नियम सगळ्यांले सारखा. भरला बिचारीनं.

१४ जाने.
नेहानं ग्रुपवरची यादी उघडली. "पापा, इसमें तो सबका आधार दिख रहा है."
दिसू दे, म्हणणार होतो. मग पाहिलं. नंबर, कार्ड, पत्ते, सगळं. लिंक तिनंच बंद केली. अध्यक्षांले सांगितलं तर म्हणे, बोंबलू नका, मेळावा होऊन जाऊ द्या.

१५ जाने.
जेवण गेलं नाही. भिलाईच्या ग्रुपात संगीताचा नवरा आहे. मीच जोडलं होतं त्याले. त्यानं यादी पाहिली का, कळायले मार्ग नाही. नेहा मागे लागली, आंटी को आज ही बताओ. मी उद्यावर ढकललं. भेकड आहो मी.

१६ जाने.
बीरगांवले जाऊन सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणे, "काका, म्या तुमच्याकडं पाहून फॉर्म भरला होता. मंडळाकडं पाहून नाही."
लिंक बंद केली, वगैरे बरळत राहिलो. ती घड्याळ पाहून राहिली होती, लेकीची शाळा सुटायची वेळ. आमच्या घरी चौबे कॉलोनीत येऊन राहा म्हटलं. तर म्हणे, सचिवाचा पत्ता समाजात कोणाले माहीत नाही?

१७ जाने., सकाळी
आधार केंद्रावर विचारलं. नंबर काही बदलत नाही. पत्ता बदलते, पण आधी दुसरं घर पाहिजे. एवढ्या लवकर कुठून आणायचं...

दुपारी
भिलाईहून संगीताच्या नवऱ्याचा मेसेज. "सचिव साहेब, यादी मस्त बनवली. खूप मदत झाली." खाली हात जोडलेले.
संगीताले तीनदा फोन लावला. उचलून नाही राहिली. पोलीस ठाण्यात आधी जाऊ का तिच्याकडं? नेहा म्हणते, पहिले संगीताच्या पोट्टीचं स्कूल. गाडी काढून राहिली ती.