बाच्या उशाला क्रूस

नार्नूर,
दि. ९ मे १९९३

ती. मनकर्णाआक्कास,
धाकट्या चंपतचा सप्रेम जय भीम. वि. वि.

सर्वप्रथम एक राष्ट्रीय संकट नोंदवतो. सरकारनं अंतर्देशीय पत्राला डिंक लावणं सोडून दिलं आहे. कडेला चकाकी दिसते, पण जीभ फिरवली की ती जिभेलाच चिकटते, कागदाला नाही. मागचं पत्र मी भाताच्या शितांनी बंद केलं, तर पेटीत टाकायच्या आत मुंग्यांनी ते वाचून काढलं. बावीस वर्षं कचेरीत कागद सांभाळणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! असो.

बाकी ठीक, म्हणजे थकलो आहे. नव्या साहेबांना सगळं तेलुगूत हवं, रयत मराठीत रडते, जुने कागद उर्दूत झोपलेत आणि या तिघांच्या मधे मी उभा. बरी बातमी एकच. संघमित्रेला मास्तरणीच्या ट्रेनिंगची जागा मिळण्यासारखी आहे. मार्क चांगले आहेत, पोरगी बापावर गेली नाही. जातीचा दाखला तेवढा जूनअखेर लागेल. आपलं मूळ गाव तुमचंच, त्यामुळे चौकशीला महसूल खात्याचा गिरदावर तुमच्याकडे येईल. त्याला चहा पाज, आपण बौद्ध आहोत हे सांग, आणि तुझा बायबलचा गठ्ठा तेवढा वेळ आत ठेव.

बा कसा आहे? भाऊजी घरजावई होऊन राहिले म्हणून म्हातारपणी त्याला तुझ्या हातची भाकर मिळते. माझ्याकडे त्याला फक्त कचेरीच्या गोष्टी मिळाल्या असत्या. तुमच्या शेजारचा दौलत परवा बाजारात भेटला. म्हणाला की बा हल्ली तुमच्या प्रार्थनेला सतरंजीवर बसतो. घोरतो का, असं मी विचारलं, तर म्हणे नाही, ऐकतो. आक्का, या माणसानं घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले होते आणि टोपली परत आणायला मला पाठवलं होतं. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तू त्याला काय ऐकवतेस?

भाऊजींना जय भीम. माझ्या जिभेकडे न पाहता माया करत राहा.

तुझा
चंपत

---

बाजारहत्नूर,
ता. १७ मे ९३

चि. चंपतास मनकर्णाचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र उघडंच आलं. पोस्टमन आधी हासला, मंग त्यानं माह्या हातात देल्लं.

बाचं काही खरं नाही. पाय सुजले, पेजेवर हाय. पण डोकं साफ हाय. तू इचारलं का त्याले काय ऐकवते, तर ऐक.

मागच्या महिन्यात गुड फ्रायडेले पास्टर आले होते. येशूले मारायले घेऊन चालले, तो क्रूस उचलता उचलता खचला, तवा शिपायायनं वावरातून घरी येणाऱ्या एका माणसाले धरलं आन वेठीस लावलं, असं त्यायनं वाचलं. बा आडवा होता तो उठून बसला. वेठीस हाच शब्द हाय का, म्हणून त्यानं तीनदा इचारलं. पास्टरनं बोट ठेवून दाखवलं.

मंग बानं जे सांगतलं ते मी बी कदी ऐकलं नोतं. निजामाच्या राज्यात अमीनसाहेब दौऱ्यावर आला होता. बा जवारीचा भारा घेऊन वावरातून येऊन राह्यला होता. भारा तसाच रस्त्यात टाकाले लावला आन त्याच्या डोक्यावर साहेबाची पेटी देल्ली. तीन दिवस चालवलं. पोचल्यावर कारकुनानं कागदावर पेटी लिहिली, पेटीचं कुलूप बी लिहिलं. बाले कोणी नाव इचारलं नाही. आन या पुस्तकात त्या वेठ्याचं नाव शिमोन म्हणून लिहून हाय. बा दोन दिवस तेच घोकून राह्यला.

आता त्याचं म्हणनं का मी गेलो का माह्या उशाला क्रूस लावजा. पास्टरनं बाप्तिस्म्याचं इचारलं, तर म्हणे दीक्षा एकदा घेतली ते पुरे, लाकूड तेवढं पाह्यजे.  तुह्या भाऊजीनं सागाचा क्रूस घडवून बी ठेवला.

तू येऊन जाय. सुनबाईले, संघमित्राले आशीर्वाद. आठवण ठेवजो, नाही ठेवली तरी मी ठेवतेच.

तुही
आक्का

---

नार्नूर,
दि. २४ मे १९९३

ती. आक्कास सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पेटीची गोष्ट मलाही माहीत नव्हती. बा आपल्याशी बोलला नाही आणि एका तेलुगू पास्टरशी बोलला, हे जरा लागलं.

पण मला एक सांग. जगाचं ओझं वाहायला निघालेला तुझा देव, त्याचं स्वतःचं ओझं शेवटी एका गरीब शेतमजुराच्या खांद्यावर आलं. हे तर आमचे देशमुखही करत होते, आणि त्यासाठी ते स्वर्गातून उतरले नव्हते.

राग मानू नकोस. खरं कारण दुसरं आहे. गिरदावर येईल तेव्हा गावाबाहेर बाची, नागोराव नावाची, माती आणि तिच्यावर क्रूस दिसला, तर तो कागदावर एकच शब्द लिहील, ख्रिस्ती. मग फाईल अनुसूचित जातीच्या ढिगातून दुसऱ्या ढिगात जाईल, संघमित्रेची जागा तिसऱ्याला जाईल, आणि आपण बौद्ध आहोत हे सिद्ध करत मी निवृत्त होईन. कायदा तसा नाही. पण कायदा वाचायला वेळ लागतो, क्रूस लांबून दिसतो. तो शब्द कसा लिहिला जातो ते मला माहीत आहे, असे शब्द मीच लिहितो.

म्हणून हात जोडून सांगतो. बाला काही झालंच, तर दाखला मिळेपर्यंत क्रूस लावू नका. नंतर दोन लावा. बाला हे माझ्या नावानं सांग, तुझ्या नाही.

समजून घे आणि माया पातळ करू नकोस.

तुझा
चंपत

---

बाजारहत्नूर,
ता. १० जून ९३

चि. चंपतास आशीर्वाद.

सोमवारी पहाटे बा गेला हे तुले कळलंच. कसा गेला ते लिहिते. आवाज न करता गेला, कोणाले उठवलं बी नाही.

तुहं पत्र मी त्याले वाचून दाखवलं होतं. त्यानं ते घडी करून उशाखाली ठेवलं. मंग इचारलं का संघमित्रा खरंच मास्तरीण होते काय. मी हो म्हणलं. तर म्हणे मंग जून संपेपर्यंत थांबाले पाह्यतो. हासला थोडा. दुसऱ्या दिवशी मले जवळ बोलावून म्हणे का थांबणं जमेल असं वाटत नाही, तवा लावू नका, माह्या पायी पोरीवर भार नको.

तसंच केलं. पास्टरले घरीच प्रार्थना कराले लावली, तिकडं येऊ देल्लं नाही. खड्ड्याजवळ तुहे भाऊजी, दौलत आन वस्तीतले चार जण. क्रूस कोठ्यात कडब्याखाली हाय. लोक तुले इचारत होते. दौलतच्या फोनवर तू सांगतलं का अकराची बस बंद हाय, तेच मी सांगतलं.

तू देशमुखाचं लिहिलं होतं त्याचं उत्तर राह्यलं. येशूनं त्याच्यावर टाकलं नाही रे. तो रातभर मार खाल्लेला, खाली पडला होता. टाकलं शिपायायनं. देशमुख कदी पडला काय ओझ्याखाली? मले क्रूस तिथंच समजते. देव पालखीतून पाहाले नाही आला. मारेकऱ्याच्या हाती सापडला, गावाबाहेर मेला, आपली वस्ती असते त्या अंगाले. आन माह्या पापाचं बी त्यानंच उचललं असं मी मानते. बाले पापाचं काही पटलं नाही. त्यानं कोणाचं काय केलं होतं? तो एवढंच म्हणे का एका लाकडाले दोघायचे खांदे लागले, एक देव, एक वेठ्या. तवा कोण कोणाचं वाहून राह्यलं होतं ते त्या शिपायाले काय समजते.

राग नाही. थकले फक्त. सरकी लावाले सुरुवात झाली, दिवसभर वावरातच असते.

पोरीचं काम होऊ दे. सुखी राहा.

तुही
आक्का

---

नार्नूर,
दि. २३ जून १९९३

ती. आक्कास जय भीम.

अकराची बस बंद नव्हती. दौलतचा फोन दहाला आला, मी रजेचा अर्ज लिहिला, स्टँडवर गेलो आणि बस जाताना पाहिली. क्रूस लावला असेल तर त्याच्याशेजारी उभं राहावं लागेल, आणि लावला नसेल तर तुझ्याकडे बघावं लागेल. दोन्ही जमलं नसतं. बस बंद आहे असा दौलतला उलट फोन केला, आणि घरी येऊन जेवलोही.

तुझं पत्र संघमित्रेनं वाचलं. आजोबांच्या मातीवर खूण का नाही ते तिला त्यातून कळलं. तिनं मला एवढंच विचारलं की माझ्या दाखल्यावर आजोबांचं नाव कुठं येतं. येत नाही, बापाचंच येतं, असं मी म्हणालो. ती उठून आत गेली. माझी पोर रागावली तर भांडते. ती भांडली नाही.

मग कारकुनाची खोड म्हणून मूळ कागद पाहावा असं वाटलं. इथल्या कंपाउंडरकडे बायबल आहे. ते तुझ्या पास्टरनं पुढं वाचलं नसेल, पण एका ठिकाणी त्या शिमोनाबद्दल तो कोणाकोणाचा बाप हेही लिहिलं आहे. पोरांची नावं आहेत. इतकी नोंद आमच्या कचेरीत वारसाच्या भांडणाशिवाय कोणी करत नाही.

आज सकाळी तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही दोघं वावरात होता. मी मुद्दामच तो वेळ धरला. दौलतला घेऊन कडबा उपसला. साग फार जड असतो, आक्का. ओढ्यापर्यंत मी नेला, पुढं मला धाप लागली, तेव्हा मागचं टोक दौलतनं धरलं. दोन हात खोल खड्डा घेतला, दगड ठोकले. आडव्या लाकडावर पांढऱ्या रंगानं लिहिलं आहे: नागोराव, मनकर्णा व चंपत यांचा बाप. अक्षर बरं आलं आहे.

गिरदावर उद्या, गुरुवारी, येतो, म्हणून हे पत्र टपालात न टाकता संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो. काही लपवू नकोस. बानं बाप्तिस्मा घेतला नव्हता, चंपत आणि त्याची पोर बौद्ध आहेत, क्रूस म्हाताऱ्यानं मागितला आणि मुलानं लावला, असं सांग. सगळं खरं आहे. त्यानं तरी तो शब्द लिहिला, तर मी वरपर्यंत जाईन. चार वर्षं लागतील, लागू देत. संघमित्रेला हे सांगूनच निघालो होतो. तिनं डबा बांधून दिला.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
चंपत

ता. क. खड्ड्यात उतरवल्यावर मुलानं द्यायची मूठभर माती माझ्याकडून राहिली होती. दौलत पाठ करून उभा राहिला. ती देऊन आलो.