मूळ रेडिएटरसह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा रेडिएटर दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; त्याला दाखल्याची गरज नसावी, मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या यजमानांना. ते शिंपी आहेत आणि मोजके बोलतात. मी परसातल्या शेडमध्ये भट्टी मांडली तेव्हा शेजाऱ्यांनी नाके मुरडली. यांनी एक शब्द न बोलता मला जाड कॅनव्हासचा एप्रन शिवून दिला. त्यांच्या हयातीत हे घर कोणी विकायला काढू नये.

२. वडिलांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला सोल्डरिंग एकाच टेबलावर शिकवले. रेडिएटरचे दुकान मात्र दादाला दिले. त्यावर माझा दावा नाही. पण दादा चारचौघांत माझ्या कामाला "घरगुती डागडुजी" म्हणत असे. हे दुखणे कसे मिटले, ते पुढच्या कलमात नमूद करते.

३. चार वर्षांपूर्वी निवृत्त नर्सबाई त्यांची जुनी मोटार घेऊन माझ्याकडे आल्या. मोटारीचे वय माझ्याएवढेच. तिच्यातून त्या तीस वर्षे बाळंतपणांना गेल्या. निम्म्या गावाला जगात आणणारी ती गाडी. टेकडीवरचे संग्रहालय ती ठेवून घ्यायला तयार होते. अट एवढीच की भाग मूळचे असावेत आणि गाडी चालत वर यावी. रेडिएटर गळत होता. दादाने दोनदा गळती थांबवायची पावडर ओतली आणि शेवटी हात वर केले.

"तो म्हणतो, हा संपला, नवा बसवा," नर्सबाई म्हणाल्या. "नवा बसवला की संग्रहालय घेणार नाही. मग ही भंगारातच जाणार. होईल का गं तुझ्याच्यानं?"

"उघडून बघितल्याशिवाय सांगणार नाही."

तोंडे बंद करून रेडिएटर पाण्यात बुडवला, आत हवा सोडली. वरच्या टाकीच्या सांध्यातून आणि तीन नळ्यांतून बुडबुडे आले. काढतानाच कारणही दिसले होते: रबरी वॉशर गायब, बोल्ट जीव खाऊन आवळलेले. रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट पितळेला बसत होता. आदल्या वर्षी रेडिएटर काढून बसवला होता तो दादाच्याच दुकानात.

अकरा दिवस लागले. टाकी तापवून सुटी केली, पावडरीचा थर पातळ पट्टीने एकेका नळीतून खरवडला, पितळ लख्ख होईपर्यंत घासले, मग नवे सोल्डर भरले. तपासणीत एकच बुडबुडा आला, तोही दमादमाने. दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. मी सांधा पुन्हा उघडला.

दादा दुकानात सांगत होता, अर्ध्या चढावरच वाफ दिसेल. बाराव्या दिवशी नर्सबाई गाडी टेकडीवर न्यायला बसल्या, मी शेजारी. शेवटच्या वळणावर तापमानाचा काटा वर सरकला, नर्सबाईंचा पाय कचरला.

"सोडू नका, दाबा! पंखा जोरात फिरू दे!" मी ओरडले. काटा तिथेच थांबला.

संग्रहालयाच्या फाटकात जमलेल्या लोकांत दादा उभा होता. तो वाकला, रेडिएटरखाली हात फिरवून बोटे पाहिली. "कोरडं आहे."

"मग काय, ओलं हवं होतं?"

तो सरळ उभा राहिला. "बोल्ट मीच आवळले होते. वॉशर नव्हते हाताशी." मग सगळ्यांदेखत म्हणाला, "अगदी बाबांसारखं केलंस."

"बाबांपेक्षा बरं. बाबा गळकी नळी दाबून बंद करायचे. मी एकही बंद केली नाही."

हे मी तेव्हा ताठ मानेने म्हटले, आजही म्हणते.

४. शेड, भट्टी, पाण्याची टाकी आणि सगळी हत्यारे माझ्या पुतणीला, म्हणजे दादाच्याच मुलीला. नऊ वर्षे ती माझ्याबरोबरीने काम करते आणि तिचा सांधा माझ्यापेक्षा सफाईदार येतो. हे तिला तोंडावर सांगायला मला जड गेले, म्हणून इथे लिहिले. अट एकच: या शेडमध्ये पावडरीचा डबा येता कामा नये.

५. दादाला काहीही देत नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार राहू नये. म्हणून पहिला साक्षीदार तोच. कच्चा मसुदा त्याने चष्मा लावून सारा वाचला.

"तू आधी गेलीस तर मला फटकारणार कोण?"

"तुझी मुलगी आहे ना. तयार करून ठेवलीय."

त्याने पेन मागितले.

ठिकाण: राहत्या घरामागची शेड
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, सकाळी

लिहून ठेवणार: (सही) रेडिएटर दुरुस्तीवाली
साक्षीदार: (सही) थोरला भाऊ, रेडिएटर दुकानदार
साक्षीदार: (सही) निवृत्त नर्सबाई