जागा आधी, पैसे शेवटी

६ जानेवारी

ख्रिसमसचं झाड बाहेर टाकलं. त्याच्या सुया गालिच्यात रुतून बसल्यात, उन्हाळ्यापर्यंत निघत राहतील.

पेपरपेक्षा त्यातली सहलींची पत्रकं जाड झाली आहेत. नवं वर्ष लागलं की या देशाला दुसरं काही सुचत नाही. बाहेर चिखल, कालव्यावर पातळ बर्फ, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच – उन्हाळ्यात कुठे, जागा धरली का? आज बेकरीच्या रांगेत मलाही विचारलं. "दरवर्षीचंच. फ्लीलांड बेट," मी म्हणाले. म्हणून झालं आणि मग मनात आलं. जागा धरली का? कुणी धरली?

वीबेने. सुट्टी संपायची त्या सकाळी तो पुढच्या वर्षाची जागा धरूनच निघायचा. किल्ली परत द्यायला हिस्केबाईंच्या दारात जायचा – घर त्यांचं, त्या शेजारीच राहतात – आणि हात मिळवून यायचा. कागद नाही, काही नाही. गेल्या जुलैतही तसंच. मी वर एकटी चादरी काढतेय, गाद्या झाडतेय, वाळू संपता संपत नाही, आणि स्वारी खाली त्यांच्या दारात गप्पा मारत उभी. शेवटी खिडकीतून ओरडले – बोट थांबणार नाही तुझ्यासाठी! सगळं आवरून झाल्यावर वर आला. पलीकडे हार्लिंगनचा धक्का येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

जागा सगळ्यांच्या आधी धरायची, पैसे सगळ्यांच्या शेवटी द्यायचे – हे त्याचं ठरलेलं. जन्म पुलावर गेला त्याचा. होडी आली की पूल उचलायचा आणि गळाला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा, होडीवाल्याने त्यात नाणं टाकायचं. शहाणा होडीवाला नाणं शेवटपर्यंत मुठीत ठेवतो, म्हणायचा. हिस्केबाईंची मुदत मे संपेपर्यंत. वीबे एकतीस मेला, दुपारची कॉफी झाल्यावर पैसे भरायचा. एक दिवस आधी कधी नाही. मुलं चेष्टा करायची, बाबांचे पैसे आले म्हणजे जून लागला.

७ जानेवारी

फोन करायचा राहिला. राहिला कसला, केला नाही.

११ जानेवारी

केला.

"पिवळ्या दाराचं घर तुमच्याच नावावर आहे," हिस्केबाई म्हणाल्या. "ऑगस्टचा पहिला आठवडा. शनिवार ते शनिवार."

"जुलै म्हणायचंय तुम्हाला. आमच्या शाळा सुटतात तो पहिला आठवडा."

"एरवी तो. यंदा ऑगस्ट. यजमानांनीच सांगितलंय तुमच्या."

वीबेने? पुलावर होता तेव्हा उन्हाळ्यात त्याला एकच आठवडा सुटायला मिळायचा, सुट्टीचा पहिला. पुढचे आठवडे पुलावरच्या दुसऱ्या माणसाचे. पेन्शन लागली तरी आम्ही त्याच आठवड्याला चिकटून राहिलो. तो बदलेल, आणि मला न सांगता? हिस्केबाईही आता वयस्कर झाल्या, त्यांचाच घोटाळा असेल.

पैशांचं विचारलं. "त्याची काळजी तुम्ही करू नका हो," म्हणाल्या. मऊ आवाजात. नोव्हेंबरपासून सगळे माझ्याशी त्याच आवाजात बोलतात. मला नको आहे तो आवाज. बाकीच्यांना जी मुदत ती मला.

१२ जानेवारी

येल्मरला कळवलं. माझा मुलगा, पण फोनवर सरकारी कचेरीसारखा बोलतो.

"ऑगस्ट? आई, मी जुलैची रजा टाकून बसलोय. डिसेंबरातच द्यावी लागते आमच्याकडे."

"मला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? बेट म्हणजे पहिला आठवडा."

तेही खरंच. मीसुद्धा विचारलं नसतं.

"त्या म्हातारीला सांग, जुलै दे म्हणावं."

परत फोन केला. जुलैत तिथे जर्मन कुटुंब आहे. त्यांनीही निघतानाच हात मिळवला होता.

२ फेब्रुवारी

लेक आली, रेन्स्के. केक घेऊन आली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी सांगायचंय.

ब्रेडाला जाताहेत. देशाच्या दुसऱ्या टोकाला. जावयाला तिथे काम मिळालं, वसंतात घर बदलणार, नात यिल्दौ तिथल्या शाळेत.

"आणि आई, दक्षिणेच्या शाळा यंदा उशिरा सुटतात. जुलैत आम्हाला येताच आलं नसतं. शाळा बुडवून नेलं तर दंड बसतो. ऑगस्ट झालाय ते बरंच झालं."

इथे शाळांसाठी देशाचे तीन तुकडे केलेत – उत्तर, मध्य, दक्षिण – म्हणजे सगळे एकाच दिवशी रस्त्यावर येत नाहीत. आम्ही सगळे उत्तरेचे, मला कधी बघावंच लागलं नाही.

"वडिलांनी कसं ओळखलं?"

तिने केकचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना. जूनमध्ये. नक्की नव्हतं तेव्हा. ते म्हणाले, आईला इतक्यात बोलू नकोस, तिची झोप जाईल."

म्हणजे वेळापत्रक काढून दोन्हीकडच्या शाळा बंद असतील असा आठवडा शोधला त्याने. हिस्केबाईंची माफी मागायला हवी, मनातल्या मनात. पण मला राग आला. मुलीचं गुपित बापाकडे आणि मी गाद्या झाडतेय! झोप तशीही गेलीच आहे.

१९ फेब्रुवारी

समुद्र अडवून बांध घातला त्या हकिकतीचं जाडजूड पुस्तक वाचनालयातून आणलंय. पुढे सरकत नाही. मी शाळा सोडली ती चीजच्या कारखान्यात लागायला. मोठी पुस्तकं वाचायला लग्नानंतर शिकले, शब्दकोश मांडीवर घेऊन. वीबे स्वतः वाचायचा नाही, पण जेवताना विचारायचा, "आज कुठवर पोचलीस?" आणि मग मी सांगायची. आता कुणी विचारत नाही, तर तेच पान तिसऱ्यांदा वाचते.

एक गोष्ट मात्र धरून आहे. गेल्या जुलैतला आठवडा. सप्टेंबरात डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं – स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मी प्रश्नावर प्रश्न विचारत होते, वीबे खिडकीबाहेर सायकली बघत होता. मला वाटलं, धक्का बसलाय. नोव्हेंबरात तो गेला. पण जुलैत आम्हा दोघांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तो पोहला. शेपटीला धरून कच्चा हेरिंग मासा खाल्ला, वर कांदा. यिल्दौला खांद्यावर घेऊन दीपस्तंभापर्यंत गेला. तेवढा एक आठवडा आम्हाला निर्धास्त मिळाला. सकाळी उठले की हे स्वतःला सांगते, मग पाय जमिनीवर टेकवते.

८ मार्च

येल्मर अजून म्हणतो, बघू.

३० मार्च

घड्याळं पुढे केली. घरातली सगळी. वीबेचं मनगटावरचंसुद्धा.

२१ एप्रिल

वीबेचा वाढदिवस. केक करावा की नाही, आठवडाभर घोळ. केला. खुर्च्या गोल मांडल्या.

एरवी दारातून आत आल्याबरोबर प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन करायचं असतं – ज्याचा वाढदिवस त्याचं, बायकोचं, मुलांचं, शेजारी आले असतील तर त्यांचंही. आज ज्याचा त्याचा हात अर्ध्यावर थांबला. मग यिल्दौ आली. बूट काढले, सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाली, "आजी, आजोबांबद्दल अभिनंदन."

"तुझंही," मी म्हणाले. आणि मग सगळ्यांना जमलं.

पण दुसरी कॉफी ओतेपर्यंत पेटलंच.

"रजा टाकायच्या आधी एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं तुझं?" रेन्स्के म्हणाली.

"ख्रिसमस कधी आहे हे मी फोन करून विचारतो का? तुम्ही ब्रेडाला निघालात ते मला कधी कळलं? फेब्रुवारीत. आईकडून."

मारित, माझी सून, वाईट नाही, पण तिला सगळं लगेच मिटवायचं असतं. "मग असं करू या ना. यंदा ते त्यांचे, आपण आपले. आता आधी जागा धरतंच कोण? शेवटच्या आठवड्यात घेतलं की तुर्कस्तान निम्म्यात पडतं. सगळं जेवणखाण धरून."

"घर बाबांनी धरलंय," रेन्स्के.

"बाबा नाहीत," येल्मर म्हणाला.

चमचे तेवढे बशीत वाजले. त्याला स्वतःलाही ते लागलं, मला दिसलं, पण तो बापासारखा आहे. एकदा म्हटलेलं मागे घेत नाही.

मी केक कापत राहिले. मग कापायला काही उरलं नाही.

२२ एप्रिल

यंदा ते त्यांचे, आपण आपले. फार सोपं वाक्य आहे. पलीकडच्या गल्लीतल्या बहिणींनी असंच एक वर्ष सोडलं होतं, आता एकमेकींना नाताळची कार्डं पाठवतात. हिस्केबाईंकडे वाट बघणाऱ्यांची रांग आहे. मेअखेर पैसे गेले नाहीत तर घर पुढच्याला. एकदा सुटलं की परत मिळत नाही. आणि त्या घरातल्या डुगडुगत्या टेबलाशिवाय या दोघांना एकत्र बसवील असं माझ्याकडे काय आहे? एक टवके उडालेली केकची ताटली.

१४ मे

घरात बसवत नाही. कपाटं आवरली – आवरलेलीच होती. सायकल काढून पुलावर गेले. आता तो दुसऱ्या गावाहून कुणीतरी पडद्यावर बघून उचलतं. केबिन रिकामी, काचेमागे कोळ्याची जाळी. होडी गेली, पूल खाली आला. बुटात नाणं टाकायला कुणी हात पुढे केला नाही. अर्थात.

तिथूनच येल्मरला फोन केला.

"सांग, भरू का पैसे?"

"तुझी इच्छा, आई."

"माझी इच्छा नाही विचारली. तू येणार का ते विचारलं."

"त्या आठवड्यात दुसऱ्याची रजा आहे. हातापाया पडावं लागेल त्याच्या."

"मग पड."

हसला नाही. एरवी हसला असता.

२३ मे

रेन्स्केचा फोन. "तो येणार नसेल तर आम्ही कशाला? मोकळ्या खोलीकडे बघत बसायला?" झालं. आता दोघंही.

पैसे भरले नाहीत तर सगळं आपोआप मिटेल. कुणाला नाही म्हणायला नको. मुदत उलटून जाईल, बस. हे इतकं सोपं आहे की भीती वाटते.

२७ मे

भरले. येल्मरनेच मोबाइलवर लावून दिलेल्या बँकेतून, सगळेच्या सगळे. एकतीसपर्यंत थांबवलं नाही मला. तेवढा जीव नाही उरला. कुणी आलं नाही तर मी एकटी जाईन, रोज वेगळ्या खोलीत झोपेन.

वीबे म्हणाला असता, चार दिवस फुकट घालवलेस.

२९ मे

पैसे परत आले!

हिस्केबाईंनी परत पाठवले. सोबत एक ओळ – "याची गरज नाही. ऑगस्टमध्ये भेटू." गरज नाही! माझा नवरा गेला, घर नाही गेलं. जानेवारीतला तो मऊ आवाज आठवला आणि कानशिलं तापली. या घराचं भाडं आम्ही कुणाकडून माफ करून घेतलेलं नाही, आणि वीबेच्या मागे तर नाहीच. उद्या पहिल्या बोटीने जाते. दारात उभी राहून सांगते.

३० मे

सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही, सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "अहो, एका घराचे दोनदा कसे घेऊ? यजमानांनी दिलेत. गेल्या जुलैत, इथेच, रोख. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलंसुद्धा – एवढी घाई कसली, मेपर्यंत मुदत आहे. तर म्हणाले, मेचं मला काही सांगता येत नाही, हिस्के. तेवढ्यात वरून तुमची हाक आली."

जुलैत.

परतीच्या बोटीतून येल्मरला फोन केला. एवढंच सांगितलं – बाबांनी पैसे गेल्या जुलैतच दिले होते.

त्याने विचारलं, "आई, त्या शनिवारची पहिली बोट किती वाजताची?"