ठोक्याला बसणारं पिल्लू

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहायचा म्हणून लिहिलेला नाही. गेला महिनाभर मी रोज सकाळी रस्त्यात एकदा तरी खरोखर आडवा होतो, त्यातलाच एक तुझ्या नावे समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला, की अजून नकोसे पाहुणे आले की सुरू होतो? माझी तब्येत ठीक. उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटतो, पण डॉक्टर म्हणतात या वयात हाडं वाढत नाहीत. त्यांनी बारक्याला पाहिलेलं नाही.

'माणसांशी बोलेनासा झालास, निदान कुत्र्याशी तरी बोल' असं म्हणून तू जे पिल्लू पाठवलंस, त्याच्याबद्दल हे पत्र आहे. महिनाभरात नाही जमलं तर दाजी गाडी घेऊन येतील असं ठरलं होतं. ते येत्या रविवारी येणार, म्हणून सगळी हकिकत तटस्थपणे तुझ्यापुढे ठेवतो. तो राहिला काय आणि गेला काय, मला दोन्ही सारखंच. त्याचं नाव बारक्या कुणाच्या डोक्यातून निघालं ते तूच जाणे. पाच महिन्यांचा हा बारक्या तीस किलोचा आहे, आणि दुकानात माझ्या टेबलाखाली झोपला की उठताना टेबल घेऊनच उठतो. परवा एका मनगटी घड्याळाचे सतरा भाग टेबलावर मांडले होते. त्यातले सोळा सापडले. सतराव्यासाठी मी दोन दिवस भिंग डोळ्याला लावून त्याच्या मागे मागे फिरलो. त्याचं वर्णन करत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याने वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची दोरीवरची चादर ओढली आणि ती अंगावर घेऊन चौकापर्यंत फेरी मारून आला. बाई मोजकं बोलतात. त्यांनी सांगितलं, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाच वाजता मी खाली चहाला येईन. माझा कप संपेपर्यंत हा शहाण्यासारखा बसला तर राहील, नाहीतर दुसऱ्या दिवशी घराबाहेर. मी म्हटलं, ठीक आहे. तटस्थ माणूस आणखी काय म्हणणार! आणि त्याच संध्याकाळी कुत्रा शिकवण्याचं पुस्तक घेऊन आलो.

पुस्तकात लिहिलं होतं की घरात एरवी कधीही ऐकू येत नाही असा एक आवाज निवडा. तो आवाज करा, कुत्र्याला बसवा, बिस्कीट द्या. मी खूप विचार केला आणि एका मोडीत निघालेल्या भिंतीवरच्या घड्याळातली घंटी आणि तिची हातोडी काढून घेतली. ताई, हसू नकोस. पस्तीस वर्षं मी या दुकानात बसतो. भिंतीवर ठोके देणारी अकरा घड्याळं आहेत आणि मला त्यातलं एकही ऐकू येत नाही. तुला पंख्याचा आवाज येतो का? तसंच ते. (बाबांचं घड्याळ तुझ्याकडे गेलं, नाहीतर बारा झाली असती. त्याबद्दल मी वीस वर्षांत चकार शब्द काढलेला नाही, आताही काढत नाही.)

बारक्या तीन दिवसांत तयार झाला. ठण् केलं की बस. मला स्वतःचाच अभिमान वाटला. चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजले. दुरुस्तीतली घड्याळं कधी एका वेळी वाजत नाहीत, एक पुढे तर दुसरं मागे. तेव्हा प्रत्येकाने आपापले बारा ठोके सावकाश दिले आणि प्रत्येक ठोक्याला बारक्या उठला, बसला आणि तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. एकशे बत्तीस बिस्किटं कुठून आणायची? शेवटी मी सगळ्या हातोड्यांना जुन्या मोज्यांच्या चिंध्या गुंडाळल्या. आवाज बंद झाला. मात्र एक गिऱ्हाईक आपलं घड्याळ घरी नेऊन चार दिवसांनी परत आलं आणि म्हणालं, दुरुस्तीला दिलं तेव्हा निदान बोलत तरी होतं.

शनिवार आला. बाईंच्या यजमानांचं जुनं घड्याळ आठ महिने माझ्याकडे पडून होतं. (यजमान गेल्यापासून, पंधरा वर्षं ते मुकं होतं.) बाई जरा नरमतील म्हणून मी ते त्या सकाळी एकदाचं चालू करून भिंतीला लावलं, त्याच्या हातोडीला चिंधी गुंडाळायची तेवढी राहिली. बाई पाचला दोन मिनिटं असताना आल्या. बारक्याने दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि त्यांचा चष्मा तोंडात घेतला. मी घंटी शोधायला लागलो. हातोडी मिळाली, घंटी नव्हती. (ती नंतर त्याच्या अंथरुणाखाली मिळाली, चेपलेली.) मला वाटलं, संपलं सगळं. मी नुसती हातोडी धरून उभा राहिलो. आणि भिंतीवरच्या त्या घड्याळाने पाच वाजवले.

पहिल्या ठोक्याला बारक्या खाली बसला. दुसऱ्याला उठला आणि पुन्हा बसला. पाच ठोके, पाच वेळा, चष्मा तोंडात धरून. बाई भिंतीला टेकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा ह्यांच्या घड्याळाला उठाबशा काढतोय?" मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार! त्यांनी बारक्याच्या तोंडातून चष्मा काढून घेतला. मग पदराने तो पुसला, एकाऐवजी दोन कप चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या की पुढच्या शनिवारीही येईन. घड्याळ मात्र बरोबर वर घेऊन गेल्या.

असो. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. दाजींनी रविवारी गाडी रिकामी आणू नये. येताना बाबांचं घड्याळ आणावं. शनिवारच्या चहाला ठोके देणारं काहीतरी लागेलच.

ता. क. २. दुकानात अकरा घड्याळं असताना बाबांचंच कशाला, असं तू विचारशील. बरोबर आहे. पण हा ठोक्याठोक्याला उठतो-बसतो ना, त्यामुळे, बाई गेल्यावर मी सगळ्या चिंध्या काढून टाकल्या तेव्हापासून, मला सगळी घड्याळं ऐकू यायला लागली आहेत. बाबांच्या घड्याळाचा शेवटचा ठोका जरा उशिराने पडायचा, आणि तोपर्यंत आपण दोघं जेवणाच्या पाटावर हात आखडून बसायचो. अजून तसाच पडतो का? कुणाकडून दुरुस्त करून घेतलं नसशील अशी आशा आहे.

ता. क. ३. त्याचा लंबक काढून वेगळा गुंडाळायचा असतो. ते दाजींना जमणार नाही, तुलाही नाही. तेव्हा गाडीत कुणीतरी ते मांडीवर धरून बसायला हवं. तूच ये. बारक्या कुठे जात नाही.