आडनावातली जास्तीची रेघ

८ ऑक्टोबर १९७३, सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. निप्पोनबाशीतल्या दुरुस्तीच्या दुकानात माझ्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडत होतो. पहिलीच नोकरी! मालकीणबाईंनी चहा दिला, वर पाच हजार येन उचलही. शेजारच्या टेबलावरचे कुवाबारा-सान माझी नावाची पट्टी वाचून हसले. आम्ही यानासे लोक आडनावात एक रेघ जास्त काढतो. शाळा अर्धवट सुटली, पण ती रेघ कधी सुटली नाही. ते म्हणाले, अरे पोरा, इथं पगार रेघा मोजून मिळत नाही हं.

पहिले काम: छापणारे जुने गणकयंत्र. आत आकडे कोरलेला ढोल सतत फिरतो; हवा तो आकडा समोर आला की बारीक हातोडी कागद त्यावर आपटते. शाईची फीत अर्धी काळी, अर्धी लाल. उणे रक्कम लाल उमटते. सुरेख यंत्र.

१० ऑक्टोबर, बुधवार. फितीची काळी बाजू कोरी, लाल पार झिजलेली. झाकणाच्या आतून, दुरुस्तीवाले लिहितात तशी, पेन्सिलीने नाव-तारीख: नोनाका, १८ मे. माझ्या आधी तोच या टेबलावर होता. कुवाबारा-सान म्हणाले, त्याच दिवशी उचल घेऊन पळाला बेटा. मालकीणबाई म्हणाल्या, आई आजारी म्हणून गावी गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

१५ ऑक्टोबर. ढोलामागे चुरगळलेली कागदी पट्टी सापडली. नोनाकाचा हिशेब. उचल आठ हजार, पैकी परत — पुढे नुसता फराटा. पळणारा माणूस हिशेब लिहीत बसतो?

१६ ऑक्टोबर. झाकणाच्या आत नोनाकाच्या नावाखाली माझे नाव, पुढे परवाची तारीख: १८ ऑक्टोबर. जास्तीच्या रेघेसकट. तशी रेघ इथे फक्त माझ्या नावाच्या पट्टीवर आणि अर्जावर आहे; पट्टी माझ्याकडे, आणि अर्ज मालकीणबाईंच्या कपाटात. विचारले. चष्मा पुसत म्हणाल्या, तुम्हीच लिहिलं असेल, यानासे-कुन. कुवाबारा-सानकडून रबर विकत घेतले, पैसे नंतर म्हणालो. नाव खोडले.

१७ ऑक्टोबर. नाव परत आले. वळण माझेच. मी लिहिलेले नाही. यंत्राची वायर कापली — प्लग खिशात.

१८ ऑक्टोबर, सव्वातीन. दोघे बाहेर गेलेत. चारच्या गाडीने जातो. मागे कोणी पळाला म्हणू नये, एवढ्यासाठी हिशेब —

ढोल फिरतोय. प्लग खिशातच आहे.

खर्च: तिकीट ३६०. जेवण, उदोन शेवया १२०.
देणे: मालकीणबाईंची उचल ५,०००. कुवाबारा-सानचे रबर ४०.
यंत्राच्या कागदी पट्टीवर, लाल: ५,०४०.
मी बेरीज अजून केली नव्ह—