पंधरा मिलिग्रॅमचा होकार

प्रिय आस्लॉगताई,

खूप प्रेम आणि एक मिठी (अर्धीच समज, डावा खांदा अजून पूर्ण साथ देत नाही). तुझा गुडघा कसा आहे? ट्रॉम्सोत अजून बर्फ उपसताय की संपला? इथे लिलेसानला बोटी पाण्यात उतरल्या आणि मी बरी आहे. बरी म्हणजे नक्की काय, तेच कळेनासं झालंय, म्हणून लिहायला बसले.

फेब्रुवारीत एका सकाळी जाग आली तर कूस बदलता येईना. आदल्या दिवशी चांगली चालतीबोलती बाई, आणि सकाळी ओंडका! खांदे, मान, मांड्या, सगळं आखडलेलं. मला वाटलं, वय झालं. (चौऱ्याहत्तरीला काहीही झालं तरी वय म्हणायची सोय असते.) दुपारपर्यंत अंग मोकळं व्हायचं, म्हणून कुणाला बोलले नाही. हात डोक्यापर्यंत पोचेना, तर तीन आठवडे केस न विंचरता टोपी घालून हिंडले. मग एकदा लोकरीचा स्वेटर घालताना हात अर्ध्यात अडकले. डोकं आत, हात हवेत, धड पुढे नाही की मागे नाही. तशीच चाचपडत दारापर्यंत गेले आणि ओरडले. शेजारी त्यांच्या अंगणातला बर्फ उपसत होते. ते आले, फावडं भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "बोर्गहिल्ड, तू आत जातेयस की बाहेर येतेयस?" खरं सांगू, मलाही तोवर आठवत नव्हतं.

त्यांनीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात वर करा. मी भुवया वर केल्या, तेवढंच जमलं. रक्त तपासून त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. "आपल्याकडच्या वयस्कर मंडळींत पुष्कळ आढळतो हो," असं त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मला आभार मानावेसे वाटले. औषध प्रेडनिसोलोन, रोज पंधरा मिलिग्रॅम. आणि ताई, दुसऱ्याच दिवशी हात वर! मी सगळे पडदे काढले, धुतले, परत लावले, आणि चुकून शेजाऱ्यांचेही धुतले.

पण गोळी नुसते हात उचलून थांबत नाही. भूक अशी, की तपकिरी चीजचा अख्खा ठोकळा मी फ्रिजच्या दाराशी उभ्या उभ्या संपवला. झोप गेली. पहाटे चारला वेलदोड्याचे पाव भाजून सातला गल्लीभर वाटायचे. तोंड फुगून गोल झालं, तर दुकानातली बाई म्हणते, "सुट्टी मानवली वाटतं!" बोलणं तर विचारू नकोस. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीचं अध्यक्षपद मी कुणी विचारायच्या आत घेतलं. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे पाव घेऊन गेले, ते म्हणाले, "आपण दोघं एकाच घरात..." आणि मी "हो" म्हणून मोकळी! बिचाऱ्यांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. (पुढे 'राहूया का' असंच होतं. मी नंतर विचारून घेतलं.)

मग डॉक्टरीणबाईंनी गोळी साडेबारा मिलिग्रॅमवर आणली, सकाळचा आखडलेपणा थोडा परतला आणि मी घाबरले. हो कोण म्हणालं? मी की गोळी? म्हटलं, गोळी बंद करू, जी उरेल ती मी. तिसऱ्या दिवशी बोट ठेवायच्या नावघरात ठेंगण्या स्टुलावर बसले ती उठताच येईना. चक्कर, घाम, अंग शिशासारखं जड. जी उरली होती ती मी असेन, तर ताई, ती फार केविलवाणी होती. दोन तासांनी शेजाऱ्यांनी शोधून काढलं. त्यांनी दवाखान्यात फोन केला, विचारून गोळी दिली आणि गाडी येईपर्यंत ते समोरच्या बादलीवर बसून राहिले. मी रडत रडत गोळी का सोडली ते सांगितलं. ते म्हणाले, "मग घाई कसली? दर वेळी गोळी कमी झाली की मी पुन्हा विचारीन."

डॉक्टरीणबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. ही गोळी मनाने कधीच सोडायची नसते, शरीर तसला रस स्वतः बनवायचं विसरलेलं असतं. डोकं ठणकलं, चावताना जबडा दुखला, नजर अंधुक झाली, तर लगेच यायचं. मी विचारलं, "आणि होकार?" त्या म्हणाल्या, "भूक, झोप, बडबड बघणं माझ्याकडे. होकार रक्तात दिसत नाही."

साडेबारा मिलिग्रॅम पुन्हा सुरू झाल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, मी हो म्हणाले. काल गोळी दहावर आली. त्यांनी परत विचारलं. मी पूर्ण एक मिनिट विचार केला आणि हो म्हणाले, जरा हळू आवाजात.

तुझी,
बोर्गहिल्ड

ता. क. शेजारी म्हणजे टोरलाइफ. नाव मुद्दाम लिहिलं नाही, नाहीतर तू पत्र तिथेच मिटलं असतंस. एकाहत्तर साली त्याने तुला विचारलं होतं आणि तू नाही म्हणून उत्तरेला निघून गेलीस, एवढंच मला ठाऊक आहे. का, ते तू कधी सांगितलं नाहीस. आता सांग. त्याच्यात खोट असेल तर सांग, आणि तुझ्या मनात अजून काही असेल तर तेही सांग.

ता. क. २. माझं मन राखायला गोड लिहू नकोस. पुढची गोळी एक तारखेला कमी होते, आणि तो विचारणार आहे.